बोळक्याचं खरं नाव

आमचा काका कवळ्या करतो. डॉक्टर नव्हे. डॉक्टर तोंडाचं माप घेतात, काका त्या मापाचे दात करतो. डॉक्टरांच्या भिंतीवर हसऱ्या बायकांचे फोटो असतात, काकाच्या फळीवर प्लास्टरचे जबडे. त्याच्या कारखान्यात पहिल्यांदा आलेला माणूस दारातच आपल्या दातांवरून हळूच जीभ फिरवतो. सगळे जागेवर असल्याची खात्री पटली की मगच आत पाऊल टाकतो.

या धंद्याचा एक रिवाज आहे. माप डब्यातून येतं आणि डब्यावर नाव नसतं, नंबर असतो. तोंड कुणाचं हे विचारायचं नाही, आणि कळलं तरी कळलं असं दाखवायचं नाही. एखाद्या समारंभात काकानं केलेले दात समोर येऊन खो खो हसले तरी काका मान वळवून पंख्याकडे बघत बसतो. आजोबांना चैन पडायचं नाही. "अरे, त्या वकिलाचे दात तुझेच ना?" काकाचं उत्तर ठरलेलं. "त्यांच्या तोंडात आहेत म्हणजे त्यांचेच."

असा हा तोंडाला टाका घातलेला माणूस कॉम्प्युटरवर मात्र अखंड बोलायचा. किल्ल्यांचा एक खेळ आहे. आपला किल्ला बांधायचा, दुसऱ्याचा पाडायचा, तह करायचे आणि सवडीनं मोडायचे. प्लास्टर वाळेपर्यंत बसून करायचं काय, म्हणून काका त्यात शिरला तो शिरलाच. या खेळाडूंचा एक फोरम होता. तिथं ज्यानं त्यानं आपल्या पसंतीचं नाव घ्यायचं. कुणी तलवारबहाद्दर, कुणी कळीकाळ. काकानं नाव घेतलं 'बोळका'. जगाला दात वाटणारा माणूस स्वतः बोळका! मला हसू आवरेना. काका म्हणाला, "हस लेका. पण बोळक्याला कुणी घाबरत नाही. सगळे जवळ येऊन बसतात."

आणि बसायचे खरंच. वेढा पडला की नवखे आधी बोळक्याकडे धावायचे. दोघांची जुंपली की तिसरा म्हणायचा, थांबा, बोळक्याला येऊ द्या. फोरमवर 'ओसरी' नावाचा एक कोपरा होता, खेळाबाहेरच्या गप्पांसाठी. तिथं लोक आजारपणं, सुटलेल्या नोकऱ्या, घरातली धुसफूस असं काय काय मोकळं करत. टोपणनावाचा हा फायदा. माणूस तोंड झाकतो आणि पोट उघडतो.

फोरम चालवणाऱ्यांपैकी एक होता घुबड. काकाचा जीव की प्राण. दोघं कधी भेटले नव्हते, एकमेकांचं खरं नावही विचारलं नव्हतं, पण फोनवर गप्पा सुरू झाल्या की काकू जेवणाची ताटं परत झाकून ठेवायची. "आली वाटतं माझी सवत," म्हणायची आणि तोंडावर हात धरून हसायची.

काकू नेहमी तोंडावर हात धरूनच हसायची. सफरचंद कधी तिनं अख्खं चावलं नाही, बारीक फोडी करून खायची. चूळ भरायलासुद्धा मोरीचं दार लावून घ्यायची. माझी आई, म्हणजे तिची थोरली जाऊ, तिला 'राणीसरकार' म्हणायची. काकू बसस्थानकावर घोषणा करते. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली, कुठल्या गाडीला उशीर आहे, हे सगळं गाव तिच्या आवाजात ऐकतं. आईचं म्हणणं होतं, दिवसभर माईकपुढं बसून हिला स्वतःच्या तोंडाचा फार गर्व झालाय.

तर, फोरमवर काही टवाळ शिरले. रोज नवं नाव घ्यायचं आणि घाण ओकून पळायचं. एका चांगल्या खेळणाऱ्या मुलीला त्यांनी असलं काही लिहिलं की ती खेळ सोडून गेली. तेव्हा व्यवस्थापनानं ठरवलं, आता टोपणनावं बंद. ओळखपत्र दाखवायचं आणि खऱ्या नावानं लिहायचं. लोक खवळले. मग घुबडाचा फोन आला. काकाचे हात मेणात होते, म्हणून मी फोन स्पीकरवर टाकला.

"बोळक्या, हे तुझ्याशिवाय व्हायचं नाही. आम्ही सांगितलं तर लोक अंगावर येतील. तू सांगितलंस तर ऐकतील."

"मला पटतंय रे," काका म्हणाला. "त्या पोरीला लिहिलेलं वाचून माझंही डोकं फिरलं होतं. पण जुन्याचं काय? ओसरीवर लोकांनी काळीज काढून ठेवलंय."

"जुन्याला कोण हात लावतंय? जुनं जुन्या नावानं राहील. नवं तेवढं खऱ्या नावानं."

"शब्द?"

"शब्द! आता काय स्टॅम्पपेपर करून देऊ?"

मी मधेच म्हणालो, "काका, लेखी घे."

"तू गप्प बस. दोस्ताकडून लेखी घेत नसतात."

त्याच संध्याकाळी काकानं फोरमवर लिहिलं, 'आडून दगड मारणाऱ्यांना आडोसाच उरायला नको. मी माझं नाव सगळ्यात आधी देतो. ओसरीवरचं जुनं तुमचं तुमच्यापाशी राहील. हमी माझी.' दोन दिवसांत वारं फिरलं. बोळका म्हणतोय ना, मग झालं, असं म्हणत एकेकानं नाव दिलं.

नावं लागली त्या दुपारी मी कारखान्यातच होतो. काका पोरासारखा हरखला होता. "अरे, हे बघ! कळीकाळ बालवाडीच्या बाई निघाल्या! यांनी माझा किल्ला जाळला होता!" तलवारबहाद्दर चष्म्याच्या दुकानात होता. आम्ही हसून हसून वाकलो. मग मला दिसलं की ज्या मजकुरावर आम्ही हसतोय तो कधीचाच आहे.

"काका, हे तर जुनं लिहिलेलं आहे."

काकाचं हसू तोंडावरच वाळलं. त्यानं ओसरी उघडली. खाली खाली गेला. एका ठिकाणी थांबला. जिथं 'बोळका' असायचं तिथं त्याचं पूर्ण नाव होतं, वडिलांच्या नावासकट, गावासकट. मी मागं उभा आहे हे तो विसरला असावा. मी वाचलं.

फोरमवर 'पोलादी' नावाचा एक जण होता. अपघातात त्याचा जबडा फुटला, पुढचे दात गेले, आणि ठरलेलं लग्न आपणच मोडतो असं त्यानं ओसरीवर लिहिलं होतं. त्याला बोळक्यानं उत्तर दिलं होतं. 'माझ्या बायकोचे वरचे दात लग्नाआधीच गेले. गाडीनं करकचून ब्रेक मारला, ती समोरच्या दांडीवर आपटली. तिचं काम घोषणांचं. कवळी लावली तर "स" म्हणताना शिट्टी वाजायची. डॉक्टरांनी तिला थेट माझ्याकडे पाठवलं. मी टाळूकडची बाजू जरा घासायचो आणि तिला पडद्यामागून सगळे फलाट म्हणायला लावायचो. शिट्टी गेली त्या दिवशी मला वाईट वाटलं, कारण आता ती येणार नव्हती. मग मी मुद्दाम म्हणालो, अजून थोडी वाजतेय. आमच्या घरात आजही कुणाला हे ठाऊक नाही. ती दात काढून ठेवते तेव्हा मी दिवा मालवतो. तिनं सांगितलं म्हणून नव्हे. गड्या, लग्न मोडू नकोस.'

पोलादीनं लग्न मोडलं नव्हतं. खाली त्यानंच तसं लिहिलं होतं, तेही आता त्याच्या पूर्ण नावानं.

मला तोंडावरचा हात आठवला, सफरचंदाच्या फोडी आठवल्या, आणि आईचं 'राणीसरकार'ही. काका इतकंच म्हणाला, "तू काही वाचलं नाहीस." मी म्हणालो, "नाही."

मजकूर पुसायला गेलो तर पुसण्याची सोयच काढून टाकलेली. काकानं घुबडाला निरोप धाडला. उत्तर आलं, 'आदरणीय सदस्य, नियम सर्वांना समान आहे. जुने लेखन काढल्यास चर्चेचा धागा तुटतो. आपला, व्यवस्थापन.' काल-परवापर्यंत 'काय रे बोळक्या' म्हणणारा माणूस एका रात्रीत 'आदरणीय' म्हणायला लागला, की समजावं पाणी कुठंतरी मुरतंय. काकानं फोन लावला. तो कट झाला. पुन्हा लावला. शेवटी घुबडानं उचलला, तेव्हा फोन स्पीकरवरच होता.

"अरे, वरून तसं ठरलं. मी काय करणार?"

"तू शब्द दिला होतास."

"मी माझ्यापुरता दिला होता ना."

"माझ्या बायकोचं आहे रे त्यात. तेवढं एक काढ. पाया पडतो."

"तुझं काढलं तर सगळ्यांचं काढावं लागेल."

काकानं पडद्यावरची नावं पुन्हा एकदा खालवर केली. मग म्हणाला, "तुझं नाव कुठाय? मी शोधलं. मला दिसलं नाही."

"आमचं नाव लागत नाही. व्यवस्थापनातल्यांचं पद दिसतं फक्त."

"मग निदान मला तरी सांग. इतकी वर्षं मी कुणाशी बोलत होतो?"

फोन बंद झाला. काकानं तो मेणाच्या ताटलीशेजारी ठेवला आणि मोडक्या दाताकडे बघावं तसा त्याच्याकडे बघत राहिला. इकडे फोरमवर शिव्यांचा पाऊस सुरू झाला. 'हमी तुमची होती,' असं बालवाडीच्या बाईंनी लिहिलं. शिवी नव्हती ती, पण काकाला सगळ्यात तीच लागली.

मी म्हणालो, "काकूला तू आधी सांग. दुसऱ्याकडून कळायला नको."

"सांगतो. दोन दिवस जाऊ दे. कोण एवढं जुनं उकरतंय?"

घुबडानं दुखावलेल्या माणसाची ही चूक. शब्द मोडल्यावर काय होतं हे कालच पाहिलं होतं, तरी त्याला वाटलं आपलं झाकलेलं झाकलेलंच राहील. आता काकाचं नाव टाकून कारखान्याचा पत्ता शोधायला गेलं की पत्त्याच्या आधी ओसरी उघडत होती. आगारातला एक ड्रायव्हर वडिलांच्या कवळीसाठी पत्ता शोधत होता. दुसऱ्या दिवशी घोषणेच्या खोलीच्या खिडकीत डोकं घालून तो म्हणाला, "बाई, दात घातलेत ना? नाहीतर आमची गाडी भलत्याच फलाटावर लागायची."

मागं उभे होते ते हसले. काकूनं माईक चालू केला, त्याच्याच गाडीचा फलाट सांगितला, एका अक्षराची चूक न करता. मग पाळी संपेपर्यंत बसून राहिली.

घरी आली तेव्हा मी तिथंच होतो. उठून जायला निघालो तर म्हणाली, "बस. तूही वाचलंच असशील."

काका उभा राहिला. "अगं, त्या घुबडानं मला फसवलं. शब्द देऊन..."

"त्यानं तुम्हाला फसवलं. मला कुणी फसवलं?"

"नाव नव्हतं गं माझं तिथं. बोळका म्हणून लिहिलं होतं. कुणाला कळणार होतं?"

"गोष्ट तुमच्या नावाची नाही." तिचा आवाज घोषणेसारखाच सरळ होता. "मी पहिल्यांदा आले तेव्हा तुम्ही काय म्हणालात? बाई, इथं नाव नसतं, नंबर असतो. गावातल्या सगळ्यांचं तोंड सांभाळलंत. वकिलाचंसुद्धा. माझंच तेवढं उघडलंत."

"वाईट नव्हतं गं लिहिलं काही."

"चांगलं लिहिलंय. मी वाचलं. दिवा मालवण्याचं मला कधी बोलला नाहीत. ते मला सांगायचं सोडून सगळ्या जगाला सांगितलंत."

काका होता तिथंच खाली बसला. 

आई आली चार दिवसांनी. आल्या आल्या सवयीनं "काय राणीसर..." इतकं तोंडातून गेलं आणि पुढचं तिनं गिळलं. काकू हसली. तोंडावर हात न धरता हसली. आईला म्हणाली, "म्हणा वहिनी, म्हणा. आता कसली चोरी?" ते हसू पाहून आईलाच रडू आलं.

कवळी जन्माला पुरत नाही. हिरडी झिजते, ती ढिली होते. काकूची ढिली झालीच होती, काका नवी करायला घेणार होता. प्लास्टरही भिजवायच्या बेतात होता. काकू म्हणाली, "राहू दे. मी डॉक्टरांना सांगितलंय, माप दुसरीकडे पाठवा." काकानं भांडं धुऊन पालथं घातलं.

हल्ली काका दुपारी खेळत नाही. बसस्थानकावर जाऊन शेवटच्या बाकावर बसतो. एकदा मीही गेलो त्याच्याबरोबर. भोंगा खरखरला आणि काकूचा आवाज आला. आवाज तोच, पण प्रत्येक 'स'ला बारीक शिट्टी. 'सात'ला शिट्टी, 'सुटेल'ला शिट्टी. समोर दोन पोरं एकमेकांना कोपरानं ढोसत होती.

"टाळूला जाडी राहिलीय," काका स्वतःशीच म्हणाला. "पुढच्या दातांच्या मागं. कानशीचे दोन हात फिरवले की जाईल."

"मग सांग ना तिला."

"सांगितलं."

"काय म्हणाली?"

काकानं भोंग्याकडे बघितलं. पुढची गाडी लागत होती. "म्हणाली, ऐकू येतं मला. वाजू दे."