पुडीतला केस

घोळ त्याचा होता आणि तक्रार गेली मावशींविरुद्ध.

तळघरातल्या खोलीत तो यंत्र चालवायचा. डोळ्यांना न दिसणारं सुईचं टोक थरथरत ठेवायचं आणि नमुन्यावर अलगद टेकवायचं. कडक जागा लागली की थरथर चढते, मऊ लागली की उतरते. त्या फरकावरून एवढ्याशा कणाचा कडकपणा मोजायचा. यंत्र असलं हळवं, की बाहेर कुणी चाललं तरी पडद्यावरचा आलेख दात विचकायचा. दोन महिने तो रोज अकराला विचकत होता, लांबलचक मोजणी लागायची तेव्हा. आणि अकरालाच मावशी व्हरांडा पुसायला यायच्या, एका पायाने लंगडत. झालं. पठ्ठ्याने अर्ज खरडला.

मावशींना कुणकुण लागली. दुसऱ्या दिवशी त्या कापडी तळव्यांच्या चपला घालून हजर.

"बघ रे सुईवाल्या, मांजरसुद्धा लाजेल." मग डोक्यावरचा एक पांढरा केस उपटून त्यांनी कागदात बांधून दिला. "आमचे हे म्हणायचे, तुझे केस म्हणजे झाडू. आता ते नाहीत, पण खरं की थाप ते कळू दे. मोजून सांग."

"सांगतो," म्हणत त्याने पुडी ड्रॉवरमध्ये टाकली. अर्ज मागे घ्यायचं मनात होतं. मनातच राहिलं. आठवड्याभरात मावशींची बदली झाली, पलीकडच्या इमारतीत. चार मजले, लिफ्ट नाही.

आलेख विचकतच राहिला. तीन महिन्यांनी दुरुस्तीवाला आला, मोजणी लावायला सांगून टेबलाखाली वाकला, शांतपणे वर आला.

"साहेब, यंत्र ठणठणीत आहे. मोजणी चालू असताना तुम्ही पाय हलवत बसता. गुडघा टेबलाला लागतो."

याच सवयीपायी बाबांनी लहानपणी याच पायावर पट्ट्या मारल्या होत्या. तो तसाच पलीकडे धावला, वाटेत माफीची वाक्यं जुळवत. चौथ्या मजल्यावर दुसऱ्याच बाई जिना पुसत होत्या.

"मावशी कुठायत?"

"गेल्या हो. पंधरवडा झाला. ओल्या पायरीवरून त्या कापडी चपला सटकल्या." बाईंनी त्याच्याकडे निरखून पाहिलं. "तुम्ही सुईवाले का? सारख्या सांगायच्या, माझा केस मोजायला दिलाय म्हणून."

त्या दिवशी त्याने पुडी सोडली, केस काचेवर चिकटवला, खुर्ची हातभर मागे ओढली. सुई खाली येऊ लागली. टेकायला अगदी थोडं उरलं तेव्हा त्याने ती थांबवली. आकडा सांगायचा कुणाला?

केस काचेसकट पुडीत गेला आणि पुडी परत ड्रॉवरमध्ये. केस अजून मोजायचा आहे.