वर्षाच्या आतला फोटो

माझी पहिली मुलगी अकरा महिन्यांची असताना तापाने गेली. सहा महिन्यांत मला तिचा चेहरा आठवेनासा झाला. हात आठवायचे, कानामागचा तीळ आठवायचा, पण चेहरा म्हटला की चाळीतली दुसरीच कुठली तरी पोर डोळ्यांपुढे यायची. हे मी कोणाला बोलले नाही. दुसऱ्या खेपेला मुलगा झाला तेव्हा एवढंच ठरवलं, की याचा फोटो काढायचा, आणि तो लवकर काढायचा.

तेव्हा आम्ही मुलुंडला चाळीतल्या एका खोलीत राहायचो. नवरा पत्र्याचे डबे करणाऱ्या कारखान्यात फिटर. सासू मालवणकडची, विधवा, मुलाकडे राहायला आलेली. आमचं पोर पाच महिन्यांचं झाल्यावर मी जेवताना विषय काढला.

"वरसाच्या आत पोराचो फोटो काढूचो नसता," सासू म्हणाली. "आयुष्य कमी होता."

"पहिलीचा कुठे काढला होता? ती राहिली का?"

सासू उठून मोरीत भांडी घासायला बसली आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मला ते चाललं. सासू बोलत नाही म्हणजे नाहीही म्हणत नाही.

तिसऱ्या दिवशी मी स्टेशनजवळच्या स्टुडिओत चौकशीला गेले. फोटोग्राफर म्हणाला, पंधरा दिवसांनी रविवारी अकराला या, पोर जागं पाहिजे, आणि पांढरे कपडे नकोत, दिव्यात नुसते चमकतात.

"डोळे नीट येतील ना?" मी विचारलं.

"हललं नाही तर येतील."

आमचा मुलगा नेमका दहाला झोपायचा तो बाराला उठायचा. त्या दिवसापासून मी त्याला सकाळी झोपू दिलं नाही. डोळे मिटायला लागला की कानाशी वाटी वाजवायची.

शेजारीण दारात येऊन म्हणाली, "काय गं, पोराला रात्रपाळीला लावतेस की काय?"

"फोटोला लावतेय," मी म्हटलं.

दहा-बारा दिवसांत तो अकराला टक्क जागा राहायला लागला. नवऱ्याच्या सदऱ्याला इस्त्री झाली, मी हिरवं लुगडं काढून ठेवलं. शनिवारी सकाळी सासूने सांगितलं, "मी येवचंय नाय. माझ्यासारख्या विधवेचा थंय काय काम?"

"नका येऊ. आम्ही तिघं जातो."

ती तांदूळ निवडत होती. हात थांबला. "तिघां? तिघांचो फोटो? खुळी काय गो तू? मधलो जाता!"

खरं सांगते, तिघांच्या फोटोतला मधला मरतो म्हणतात, हे माझ्या ध्यानातच नव्हतं. पण तिने बोलून दाखवल्यावर मी ते सोडलं नाही. मधला कोण, हे सांगायची गरज नव्हती. तो माझ्या मांडीवर अंगठा चोखत होता.

"मग चौथं माणूस लागेल," मी म्हटलं. "शेजारणीला विचारते. हसत येईल ती."

"आमच्या फोटोत ती कित्याक?" सासू म्हणाली, आणि जरा वेळाने उठून ट्रंकेतलं धुवट लुगडं काढून झटकायला लागली.

रविवारी चौघंही निघालो. पोर वाटेतच नवऱ्याच्या खांद्यावर गाढ झोपलं. पंधरा दिवसांची मेहनत गेली पाण्यात. स्टुडिओत नवऱ्याला तिथलाच कोट चढवला, त्याच्या बाह्या आखूड. सासू पदर कपाळापर्यंत ओढून खुर्चीच्या कडेला बसली, मी शेजारच्या खुर्चीवर मुलाला घेऊन, नवरा मागे उभा.

"झोपलेलाही गोड दिसतोय. काढू?" फोटोग्राफर म्हणाला.

"नाही."

मिटल्या डोळ्यांचं मूल मी एक पाहिलं होतं. तेवढं पुरे होतं.

तोंडावर पाणी लावलं, हाका मारल्या, पोर ढिम्म हललं नाही. बाहेर दुसरी माणसं खोळंबली होती. नवरा म्हणाला, "अगं, पुढच्या रविवारी येऊ."

"पुढचा रविवार कोणी पाहिलाय? मी उठणार नाही इथून."

तेव्हा सासू वाकली आणि पोराच्या तळपायावर नखाने दोन टिचक्या मारल्या. त्याने डोळे उघडले आणि समोरच्या कॅमेऱ्याच्या काचेकडे बघत राहिला.

"काढा!" मी ओरडले.

आठ दिवसांनी फोटो हातात आला. मुलाचे डोळे सताड उघडे, पापणी न् पापणी दिसतेय. वाकलेली सासू तेव्हा अजून सरळ होत होती, म्हणून तिच्या तोंडाच्या जागी नुसता धुरकट पट्टा. फोटोग्राफर परत काढून देतो म्हणाला. सासूने फोटो उजेडात धरून पाहिला आणि म्हणाली, "माझा तोंड कोणाक बघूचा हा? पोर बरो इलो."

मुलगा जगला. त्यात फोटोचा काही संबंध नाही. गेला असता तर सासूने मला जन्मभर बोल लावला असता, आणि तो मी ऐकून घेतला असता. भिंतीवरचा फोटो मात्र कोणाला उतरवू दिला नसता.