दुकान वाढवलं

आमचे थोरले काका फोटोंना चौकटी करतात. म्हणजे, करायचे. कुठलीही वाईट गोष्ट वाईट शब्दात सांगायची नाही, हा त्यांचा खाक्या. गिऱ्हाइकासमोर काच फुटली तर म्हणणार, "काच वाढली हो!" फोटो तिरका बसला तर, "मान जरा कललीय, बरं का, रुबाब वाटतो." संध्याकाळी शटर ओढताना, "चला, दुकान वाढवू." खाकरून, मान डोलवून. ती नक्कल मी केली की काकूसुद्धा पदर तोंडाला लावते.

काकू शाळेत मराठी शिकवायची. ती लगेच शिक्का मारते. "पर्यायोक्ती! आडवळणानं सांगितलं की ऐकणाऱ्याला कमी लागतं."

"आणि सांगणाऱ्याला?"

"तो सुटतो."

वर्षभरात काकांचा उजवा हात थरथरायला लागला. काच कापायच्या हिरकणीची रेघ वाकडी जाऊ लागली. "हाताला जरा नाच सुटलाय," ते म्हणायचे. रोज दोन-तीन काचा वाढायच्या. परवा त्यांनी हत्यारं पुसून पेटीत भरली, गाळ्याची किल्ली मालकाला दिली आणि घरी येऊन परगावच्या दादाला फोन लावला.

"अरे, दुकान वाढवलं."

रोजचं शटर ओढल्याचं सांगायला बाप कशाला फोन करेल? दादा ओरडलाच, "वा बाबा! शेजारचा गाळा घेतलात? मग उद्याच राजीनामा फेकतो. इथला साहेब नुसता डोकं खातो. येतो मी दुकानात बसायला."

"हो... म्हणजे... बघू," म्हणून काकांनी फोन ठेवला.

"अहो, बघू काय? पोरगा नोकरी सोडेल!" काकू म्हणाली.

काका माझ्याकडे वळले. "छकुले, माझा आवाज काढतेस ना? लाव फोन. काय झालं ते सरळ सांगून टाक."

मला काय, हौसच. फोन लावला. खाकरले, मान डोलवली. "अरे, बरं का, आपलं दुकान..."

पुढे गाडी अडली. काकांच्या तोंडून 'बंद' हा शब्द मी कधी ऐकलेलाच नव्हता. नक्कल कशाची करू? ठासून म्हणतील की पुटपुटतील?

"बाबा? बोला ना."

काकांनी फोन घेतला. थरथरत होता म्हणून दुसऱ्या हाताने धरला.

"बंद झालं रे दुकान. कायमचं. हात चालत नाही माझा. नोकरी सोडू नकोस."

न खाकरता, एका दमात. आवाज कुणा भलत्याच माणसाचा वाटला.

पलीकडून दादा म्हणाला, "जेवलात का बाबा?"

"जेवलो."

ओट्यावर ताटं अजून पालथी होती. काकूने या खेपेला कशालाच नाव दिलं नाही.