आंब्याची सावली

गाडी घरीच चार्ज करायची म्हणून सोलर बसवायला मी शहापूरहून एका वायरमनला सापगावला बोलावलं. शिडी चढण्याआधी तो चपला काढायचा. भावाच्या आंब्याची सावली माझ्या स्लॅबवर पडत होती. तिच्या कडेने त्याने सकाळी खडूने रेघ मारली, दुपारी पुन्हा मारली आणि म्हणाला, "काका, झाडाला हात नका लावू. पॅनल गोठ्यावर टाकू. वीज तेवढीच भेटंल."

पण गोठा मागे होता आणि मला पॅनल रस्त्यावरून दिसायला हवे होते. मी भावाला सांगितलं, "वायरमन म्हणतो, आंबा तोडल्याशिवाय जमायचं नाय." भावाने आंबा तोडला.

तेव्हापासून गावात त्या वायरमनला कोणी काम देत नाही. तो मोटरसायकलवरून जाताना मला हात करतो आणि मला ओटीवर बसून राहवत नाही.

काल भाऊ आला. त्याच्या मुलानेही तसलीच गाडी घेतली आहे. "दादा, मुरबाडचा कोण वायरमन असंल तर सांग. तुझा तो झाडतोड्या नको हां."

"त्यालाच बोलव," मी म्हटलं. "तो आंबा राखा म्हणत होता. खोटं मी बोललो."

भाऊ उठून उभा राहिला. मग म्हणाला, "नंबर दे त्याचा." आणि चहा न घेताच गेला.