तृप्तीची रायटर

प्रिलिमच्या मराठीच्या पेपरात तृप्तीने निबंधात मिठागर सांगितलं आणि सानिकाने महाबळेश्वर लिहिलं.

मी दाराबाहेर स्टुलावर बसले होते. दार उघडंच होतं. तृप्ती काय बोलली ते मी सगळं ऐकलं. सानिकाने कागदावर काय लिहिलं ते मात्र मला दिसत नव्हतं. ते कळलं आठ दिवसांनी, पेपर तपासून आल्यावर.

मी भाईंदर पश्चिमेच्या एका मराठी शाळेत मावशी आहे. पाचवी ते दहावीची नेहमीसारखी शाळा. पण दरवर्षी आमच्याकडे चार-पाच मुलं अशी येतात, ज्यांना थोडी वेगळी मदत लागते. कुणाला कमी दिसतं, कुणाला वाचताना अक्षरं धरता येत नाहीत. त्यांच्यासाठी आठवड्यातून दोन दिवस देवयानी टीचर यायच्या. त्या स्पेशल टीचर, अजून तीन शाळा बघायच्या. बाकीचे चार दिवस मी. कागदावर माझं काम झाडलोट, घंटा आणि नोटीस फिरवणं. या मुलांचं काम कधी चिकटलं ते मलाच आठवत नाही.

तृप्ती पाचवीत आली तेव्हा वॉकर धरून आली होती. तिला सेरेब्रल पाल्सी आहे. सगळे सीपी म्हणतात. देवयानी टीचरनी मला पहिल्याच दिवशी समजावलं होतं, "मावशी, डोकं एकदम ठीक आहे. डोक्याचा निरोप हातापायांना आणि जिभेला नीट पोचत नाही, एवढंच." तेव्हा शाळेला रॅम्प नव्हता. हेडसरांनी आणि मी मिळून माळ्यावरचा जुना लाकडी फळा काढला आणि दोन पायऱ्यांवर आडवा टाकला. त्या काळ्या फळ्यावरून ती वर्षभर चढली-उतरली. फळ्यावर जुन्या पांढऱ्या रंगाने आखलेल्या चार रेघा होत्या, त्या तिच्या वॉकरने हळूहळू पुसल्या गेल्या. आता पक्का रॅम्प आहे, स्टीलचा कठडा आहे. पण मला अजून तो फळाच आठवतो.

मधल्या सुट्टीत ती माझ्याबरोबर डबा खायची. तिचा घास मी तोडून द्यायचे. तिचं बोलणं पहिल्या पावसाळ्यापर्यंत मला अर्धंमुर्धं कळायचं. मग कळायला लागलं. कसं ते सांगता येत नाही. रोज बरोबर जेवलं की कळतं. नंतर नंतर बाकीचे टीचर तिला काही विचारायचे आणि उत्तरासाठी माझ्याकडे बघायचे. तृप्ती बोलायची, मी सांगायचे. मला त्याचं बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

दहावीला मात्र मावशी चालत नाही. तिथे रायटर लागतो. मुलाने तोंडाने उत्तर सांगायचं आणि रायटरने लिहायचं. रायटर खालच्या वर्गातला हवा, म्हणजे त्याने स्वतःची हुशारी घालू नये. शिवाय एक्स्ट्रा टाइम मिळतो. हे सगळं आधी अर्ज करून, सर्टिफिकेट लावून बोर्डाकडून मंजूर करून घ्यावं लागतं.

हेडसरांनी सानिका निवडली. नववीची, वर्गात पहिली, अक्षर छापल्यासारखं. राहायला इंद्रलोकला, म्हणजे पार पूर्वेला. तिच्या आईवडिलांचा होकार घ्यायला सर स्वतः तिच्या घरी जाऊन आले होते. नाव बोर्डाला गेलं. मग सरळ प्रिलिम आली. दोघींची त्याआधी नीट ओळखही नव्हती. ही आमची चूक, पण तेव्हा कुणाच्या लक्षात आली नाही.

हेडसर दहावीला मराठी शिकवायचे. पेपर वाटले त्या दिवशी मी नोटीस घेऊन वर्गात गेले होते. सर तृप्तीचा निबंध वाचून दाखवत होते. विषय होता 'माझे आवडते ठिकाण'. धुकं, स्ट्रॉबेरी, हिरव्यागार दऱ्या. सर म्हणाले, "वा! याला म्हणतात वर्णन." वर्गाने टाळ्या वाजवल्या. तृप्ती बाकाकडे बघत होती.

मी तिला बाथरूमला नेलं तेव्हा ती म्हणाली, "मावशी, मी महाबळेश्वर बघितलंच नाही."

मला सगळं समजलं होतं. तरी मी म्हटलं, "नाही बघितलं म्हणून काय झालं? मार्क आले ना?"

"मग मी कशाला बसले होते तिथे? तिलाच बसवा."

मी तिचे हात धुतले आणि विषय बदलला. ते माझं वागणं मला अजून टोचतं.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशी तिची आई आली. गावातली माणसं, पूर्वी मिठागरावर कामं केलेली. आई फाटकातच म्हणाली, "मावशी, पोरगी ऐकत न्हाय. परीक्षेला बसाचंच न्हाय बोलते. तिचा बाप बोलतो, र्‍हाऊ दे, इतकी शिकली तेच खूप हाय. तुमी सांगा तिला. ती तुमचंच ऐकते."

सांगणार काय? मी ऐकून गप्प बसले होते, हे तृप्तीला माहीत होतं.

मी बोलायला फार कमी. हेडसरांच्या केबिनमध्ये चहा ठेवायला जायचे, ठेवून यायचे. त्या दिवशी चहा ठेवला आणि तिथेच उभी राहिले. देवयानी टीचरही तिथे होत्या.

सर म्हणाले, "काय मावशी? सुट्टी पाहिजे?"

"नाही सर. तृप्तीचा निबंध तिचा नाही."

"म्हणजे?"

"ती दुसरं बोलली होती. सानिकाने आपल्या मनाने लिहिलं."

सरांनी चष्मा काढला. "मावशी, कोणी तक्रार केली? तिच्या घरच्यांनी?"

"नाही. मीच करतेय."

सरांनी चहाचा कप बाजूला सरकवला. मग म्हणाले, "अहो, रायटरचं नाव मंजूर झालंय. आता बदलायचं म्हणजे परत अर्ज, परत चकरा. आणि पोरगी हुशार आहे हो. चार मार्क वाढवूनच देतेय ना?"

देवयानी टीचर मध्ये बोलल्या, "सर, बोर्डाच्या पेपरात सुपरवायझरने हे पकडलं तर? मुलगी सांगतेय एक, लिहिलं जातंय दुसरं. कॉपी केस होईल. तृप्तीची."

सरांनी चष्मा परत घातला. मग माझ्याकडे वळले. "तुम्ही ऐकलं होतं ना? काय सांगितलं होतं तिने?"

मी डोळे खाली घालून जसं आठवलं तसं सांगितलं. माझं आवडतं ठिकाण आमचं मिठागर. माझे आजोबा तिथे कामाला होते. ते मला रिकाम्या गोणीवर बसवायचे. ऊन वर आलं की मिठाच्या ढिगाकडे बघवत नाही. तिथले बांध निसरडे असतात. तिथे सगळीच माणसं माझ्यासारखी जपून, हळू चालतात. म्हणून मला ते ठिकाण आवडतं.

सर म्हणाले, "सानिकाला बोलवा."

सानिका आली आणि ऐकल्याबरोबर रडायला लागली. "सर, मी मुद्दाम नाही केलं. मला तिचं लवकर कळतच नाही. सारखं परत सांग, परत सांग कसं म्हणणार? टाइम चालला होता. मिठागर मला माहीत पण नाही. महाबळेश्वरचा निबंध पाठ होता. मला वाटलं, तिला मार्क मिळतील."

तिच्यावर कुणाला रागावता आलं नाही. तिने चांगल्यासाठीच केलं होतं. मीसुद्धा बाथरूममध्ये तेच बोलले होते.

तृप्तीला शाळेत आणायला देवयानी टीचर स्वतः तिच्या घरी गेल्या. येऊन म्हणाल्या, "येतेय. पण तिची अट आहे. रायटर हीच चालेल, पण परत एकदा जरी आपल्या मनाचं लिहिलं तर पेपर सोडून उठणार."

टीचरनी दोघींना जुने पेपर देऊन सराव सुरू केला. जमेना. सानिका म्हणायची, "सॉरी, परत सांग ना." तृप्ती परत सांगायची. तिसऱ्यांदा विचारलं की तृप्तीचं अंग ताठ व्हायचं. ताण आला की जीभ आणखी अडते, हे त्या आजारातच आहे. मग सानिका घाबरायची आणि पटकन काहीतरी लिहायची. मी दारातून सांगायला जायचे, तर टीचर हाताने थांबवायच्या. "मावशी, परीक्षेत तुम्ही आत नसणार."

चौथ्या दिवशी मीच टीचरना म्हटलं, "पेपर राहू द्या. दोघींना एकत्र जेवू द्या."

"आणि तुम्ही?"

"मी नाही बसणार."

हे बोलणं सोपं होतं. सहा वर्षं ज्या बाकावर बसून जेवले, तिथून उठून पाण्याच्या टाकीजवळ जाऊन बसायचं, ते सोपं नव्हतं. पहिले दोन दिवस दोघी मुकाट्याने जेवल्या. सानिकाला घास तोडून द्यायचा की नाही तेच कळत नव्हतं. तृप्तीच्या हातातून आमटी सांडली. मी दोनदा उठले आणि दोनदा खाली बसले.

तिसऱ्या दिवशी तृप्ती काहीतरी बोलली आणि सानिका खळखळून हसली. मी लांब होते, मला ऐकू आलं नाही. सहा वर्षांत पहिल्यांदा तृप्ती काय बोलली ते मला माहीत नव्हतं. नंतर सानिकाला विचारलं. ती म्हणाली, "मावशी, ती म्हणते, तुझ्या आईने भेंडीचं शेत घेतलंय का? रोज भेंडी!"

तिथून गाडी रुळावर आली. डबा झाला की दोघी रिकाम्या वर्गात बसायच्या. पण सानिकाची घाई जाईना. अर्धं वाक्य ऐकलं की पेन चालायला लागायचं, पुढचं अर्धं स्वतःचं. मग तृप्तीने नियम केला. वाक्य पुरं झालं की ती मुठीने बाकावर ठोकणार. ठोकल्याशिवाय सानिकाने पेनाला हात लावायचा नाही. तरी हात जायचाच. शेवटी सानिका उजवा हात मांडीखाली दाबून बसायला लागली. तृप्ती मला म्हणाली, "बघ मावशी. हिचा हात माझ्यापेक्षा जास्त हलतो." सानिका म्हणाली, "मला कळलं हां आता तू काय बोललीस!"

ते महिना-सव्वा महिन्याचे दिवस. उन्हं तापायला लागली होती, दहावीची बाकीची मुलं अभ्यासाच्या सुट्टीवर गेलेली. अर्धी शाळा शांत, आणि एका वर्गातून मधूनमधून बाकावर मूठ ठोकल्याचा आवाज. मी जिना झाडत असायचे. आवाज आला की समजायचं, एक वाक्य झालं.

सेंटर आमच्या शाळेत आलं नाही. काशीमीऱ्याकडच्या एका शाळेत आलं. हेडसर आधी जाऊन तळमजल्यावरची खोली ठरवून आले होते. पहिल्या दिवशी, मराठीच्या पेपराला, तृप्ती, तिची आई आणि मी रिक्षाने गेलो. सानिका परस्पर येणार होती. हायवेला ट्रक लागले होते. तृप्तीच्या आईने तीनदा विचारलं, "पोचू ना?" रिक्षावाला म्हणाला, "भाभी, टाइम है. बच्ची को बोलो शांती से." शांत तीच होती. आम्ही दोघी नव्हतो.

मला फाटकाच्या आत सोडलं नाही. आत काय झालं ते सानिकाने नंतर सांगितलं. सुपरवायझर सर अर्धा तास बघत होते. मग तिच्यापाशी येऊन म्हणाले, "अगं, हात काढ आणि लिही ना. वेळ जातोय." सानिका म्हणाली, "सर, तिचं अजून झालं नाही." ते उभेच राहिले. तृप्तीने ठोकलं, तेव्हा सानिकाने लिहिलं. मग त्यांनीच जाऊन रस्त्याच्या बाजूच्या खिडक्या बंद केल्या, ट्रकच्या आवाजात बोलणं नीट ऐकू यावं म्हणून.

शेवटचा प्रश्न अर्धा राहिला. बाहेर आल्यावर सानिका रडत होती. "मावशी, मला येत होतं पुढचं. दोन ओळी होत्या फक्त."

तृप्ती घामाने भिजली होती. म्हणाली, "पण बाकी सगळं माझं आहे." दमल्यामुळे जीभ इतकी अडत होती की तिच्या आईलाही ते कळलं नाही, म्हणून आई माझ्याकडे बघायला लागली. मी तोंड उघडायच्या आत सानिकानेच तिला सांगितलं.

तृप्ती पास झाली. मराठीला प्रिलिमपेक्षा बरेच कमी मार्क पडले. हेडसर मार्कलिस्ट बघून म्हणाले, "मावशी, तुमची तक्रार आम्हाला महागात पडली हां." पण हसत म्हणाले. तृप्तीला त्यांनी स्वतःच्या हाताने पेढा भरवला. आता ती कॉमर्सला आहे, लॅपटॉपवर एका बोटाने टाइप करते. सानिका वर्षभराने दहावी होऊन दुसऱ्या कॉलेजात गेली. दोघी मधूनमधून शाळेत येतात. दोघी एकमेकींशी असं काही त्यांच्या त्यांच्या शब्दांत बोलतात की अर्धं मलाच विचारावं लागतं.

त्यानंतर शाळेने एक पद्धत पाडली. रायटर जूनमध्येच ठरवायचा आणि तेव्हापासून त्याने त्या मुलाबरोबर डबा खायचा. डिसेंबरात शोधला तर हुशार मिळतो, ऐकून घेणारा मिळत नाही. यंदा एका मुलीला कमी दिसतं, तिच्याबरोबर नववीची एक पोरगी बसते. मावशीने जेवताना लांब बसायचं, हेही पद्धतीतच आहे. ते मला अजून नीट जमत नाही. मी टाकीजवळ बसते, पण तोंड त्यांच्याकडे करून.