शेजारचे बँडमास्तर

इंग्लंडात वॉटफर्डला आमच्या शेजारी एक गोरे आजोबा राहतात. एकेकाळी त्यांचा मोठा बँड होता, आता त्यातले थोडे म्हातारे उरलेत. आजोबा मांजराला दूध घालतानाही आधी हाताने ताल देतात. कचऱ्याची गाडी मागे घेणाऱ्यालाही इशारे करतात, आणि गाडी नीट लागली की स्वतःच कमरेत वाकतात.

गुरुवारी दुपारी हॉलमध्ये त्यांचा बँड नाचासाठी वाजतो. मी कोपऱ्यात बसून ऐकते, कोणाशी बोलावं लागत नाही. लोक केक खातात, नाचत कोणी नाही. परवा हॉलवाली बाई त्यांना म्हणाली, "आजही कोणी नाचलं नाही, तर बँड बंद, पुढच्या गुरुवारपासून इथे बिंगोचा खेळ."

आजोबांनी सगळीकडे पाहिलं. पहिलं उठायला कोणी तयार होईना. मग ते बँड वाजता ठेवून स्टेजवरून खाली आले आणि त्यांनी माझ्यापुढे हात पसरले. "प्लीज, मॅडम."

नाही कसं म्हणायचं? पण मला येते फक्त फुगडी. मी पदर खोचला, हातांची फुली करून त्यांचे हात धरले आणि गरगर फिरले. लोक हसत उठले, जोड्या करून नाचू लागले.

आजोबा खुर्चीला धरून उभे राहिले. "बिंगो?" त्यांनी विचारलं.

"राहू दे," हॉलवाली म्हणाली.

मग दम खात ते माझ्याकडे वळले. "नेक्स्ट थर्सडे, मॅडम... स्लोली."