उघडा पंखा

डिचोलीचे ते चितारी चवथीआधी गणपती रंगवत आणि उरलेलं वर्ष माझे पंखे दुरुस्त करत. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मी जुन्या वस्तू विकायचे. त्यात मोठ्या घरांतून आलेले घडीचे पंखे असत, हाताने रंगवलेले, परक्या पुराणांतल्या देवदेवतांचे. चितारी मोजकंच बोलत, तेही कुंचला खाली ठेवून.

एका पंख्यावरच्या समुद्रदेवीचा चेहरा पुसला गेला होता. त्यांनी केस, ओठ, लाटा सगळं नव्यासारखं केलं. डोळ्यांची जागा मात्र कोरी ठेवली.

"असा कोण घेईल?" मी म्हटलं.

त्यांनी कुंचला खाली ठेवला. "बाये, गणपतीचे डोळे आमी सगळ्यात शेवटाक काढतंव. डोळे उघडले की देव बघूक लागता. मगे हिका घडयेत कशी कोंडूची?"

मी हट्ट सोडला नाही. त्यांनी हात धुऊन डोळे काढले आणि पंखा उघडाच माझ्या हातात दिला.

"मिटूचो तर तूच मीट."

मला हसू आलं. पण म्हापशाच्या भरलेल्या बसमध्ये कंडक्टरने दोनदा सांगूनही तो मिटायचा मला धीर झाला नाही.